रकाना क्रमांक अकरा

प्रति,
विज्ञान आणि आरोग्य संशोधनाच्या प्रकल्पांना निधी मंजूर करणाऱ्या समित्यांचे सर्व सन्माननीय सदस्य

सादर नमस्कार.

तुमच्या अर्जात एक रकाना असतो. ‘प्रस्तावित संशोधनाचा समाजाला होणारा तात्काळ उपयोग, शंभर शब्दांत’. अर्ज बदलला की क्रमांक इकडेतिकडे होतो, कुठे नववा, कुठे चौदावा, पण मी पहिल्यांदा भरला तेव्हा तो अकरावा होता, म्हणून माझ्या डोक्यात तो कायमचा अकरावाच राहिला. तीस वर्षांत मी हा रकाना किती वेळा भरला त्याचा हिशेब नाही. एवढं मात्र नक्की, की प्रत्येक वेळी थोडं खोटं लिहिलं. लस, निदान-किट, औषधाची नवी दिशा. हे तीन शब्द आम्ही सगळेच फोडणीतल्या मोहरीसारखे टाकतो. तुम्हालाही ते ठाऊक असतं. तुमच्यातले निम्मे लोक कधीकाळी टेबलाच्या याच बाजूला बसून तीच मोहरी टाकत होते.

येत्या ३१ मार्चला मी निवृत्त होते आहे. आता अर्ज करायचा नाही, त्यामुळे एकदा तो रकाना खरा भरून बघते. शंभर शब्दांत बसत नाही, म्हणून हे खुलं पत्र.

मी मॉलिक्युलर व्हायरॉलॉजिस्ट आहे. माझी आई शेजाऱ्यांना ‘ती जंतूंचं काहीतरी करते’ असं सांगते आणि त्यात फारसं चूक नाही. डॉक्टर रुग्णाकडे बघतो, साथरोगवाला गावाकडे बघतो, आम्ही विषाणूच्या आत बघतो. तो पेशीत शिरल्यावर कुठली कळ दाबतो, त्याचा कुठला भाग कुठल्या भागाला धरतो, एक अक्षर बदललं तर काय बिघडतं. माझी पीएचडीची सगळी वर्षं एका विषाणूच्या एका प्रथिनात गेली. विषाणूचं नाव चांदीपुरा.

हो, नाव आपल्याकडचंच आहे. १९६५ साली नागपूर भागात तापाची साथ होती, डेंग्यू आणि चिकनगुनियाची. तापाच्या रुग्णांचं रक्त पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये तपासलं जात होतं. १९५२ मध्ये आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून काढलेली ही संस्था, जिला १९७८ पासून आपण एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, म्हणतो. त्यातल्या दोन रुग्णांच्या रक्तात भलतंच काहीतरी निघालं. ना डेंग्यू, ना चिकनगुनिया. भट्ट आणि रॉड्रिग्ज या दोघांनी १९६७ मध्ये ते छापलं आणि विषाणूला गावाचं नाव दिलं. पुढे तो वाळूमाशीतही सापडला. ही मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी, डासाहूनही बारीक माशी. मग सगळं शांत झालं. ठळक रोग नाही, साथ नाही. एक नवा विषाणू सापडला आणि कुपीत जाऊन झोपला.

समजा १९६८ मध्ये कोणी तुमच्यापुढे या विषाणूवरचा प्रकल्प आणला असता. रकाना अकरामध्ये त्याने काय लिहिलं असतं?

पुढची गोष्ट नागपुरात घडत नाही, अमेरिकेत घडते. न्यू जर्सीत नट्ली नावाचं गाव आहे. तिथे एका औषध कंपनीने चालवलेली पण औषधांचा आग्रह न धरणारी एक संस्था होती, रॉश इन्स्टिट्यूट ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी. तिथे अमिय बॅनर्जी हे भारतातून गेलेले शास्त्रज्ञ गुरांच्या तोंडाला फोड आणणाऱ्या एका विषाणूवर काम करत. त्याचं नाव व्हीएसव्ही. चांदीपुरा हा त्याचाच चुलतभाऊ. दोघांचाही आकार बंदुकीच्या गोळीसारखा, एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला सपाट. भावाभावांत काय सारखं आणि काय वेगळं एवढ्याच कुतूहलापोटी बॅनर्जींकडच्या पॉल मास्टर्स या तरुण पोस्टडॉकने, म्हणजे पीएचडीनंतर शिकाऊ संशोधक म्हणून आलेल्याने, चांदीपुराची जनुकं वाचायला घेतली. १९८७ मध्ये दोन जनुकांचा मजकूर छापून आला, १९८९ मध्ये तिसऱ्याचा. नागपूरकरांना याचा पत्ताही नव्हता. असायचं कारणही नव्हतं.

नंतर कोलकात्यात ध्रुवज्योती चट्टोपाध्याय यांच्या प्रयोगशाळेने याच विषाणूचं पी नावाचं प्रथिन घेतलं. विषाणूची जनुकं आरएनएच्या एका लांब धाग्यावर असतात. धागा साधारण अकरा हजार अक्षरांचा, म्हणजे हे पत्र जेवढं आहे जवळजवळ तेवढाच. त्यात फक्त पाच प्रथिनांच्या कृती लिहिलेल्या असतात. त्या वाचणारं एन्झाइम एकटं काही करू शकत नाही, त्याला धाग्यावर धरून ठेवायला पी लागतं. आणि पीच्या एका सेरीनवर, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या एका दुव्यावर, आपल्याच पेशीतलं एक एन्झाइम येऊन फॉस्फेट चिकटवतं. ते एक फॉस्फेट बसलं की विषाणूचा वाचक कामाला लागतो. नाही बसलं तर विषाणू आत येऊनही मुका राहतो. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी उमेदीची वर्षं अशा एकेका फॉस्फेटला वाहिली. लग्नाच्या बैठकीत सासरच्यांनी विचारलं होतं, ‘म्हणजे नेमकं काय शोधलंत?’ मी फॉस्फेट म्हणाले. पुढचा प्रश्न स्वयंपाकाचा होता.

हे काम दिसतं कसं, तेही सांगते, कारण तुमच्यातल्या काहींनी बऱ्याच वर्षांत हातमोजे घातलेले नाहीत. पहाटे पाचला बर्फाची बादली भरायची. आरएनए भयंकर नाजूक असतो. आपल्या बोटांवरच्या घामातही त्याला खाऊन टाकणारी एन्झाइमं असतात, त्यामुळे तो कोकणातल्या पावसाळ्यात मीठ जपावं तसा जपायचा. नुसतं नळी उघडून बोललं तरी मनात धाकधूक. मग पेशींच्या थराची तबकडी काढायची. आदल्या दिवशी त्यावर विषाणू सोडलेला असतो. जांभळा रंग ओतून धुतला की जिवंत पेशी जांभळ्या राहतात आणि जिथे विषाणूने पेशी मारल्या तिथे पांढरी गोल भोकं दिसतात. ती मोजायची. चांदीपुरा या बाबतीत घाईचा, एका रात्रीत भोकं पाडतो. चार दिवस वाट बघायला लावणाऱ्या विषाणूंवर काम करणाऱ्या मैत्रिणी माझा हेवा करत. भोकं मोजताना मला वाटायचं, बरं आहे, हा माणसाला काही करत नाही.

२००३ च्या जून महिन्यापासून तेव्हाच्या आंध्र प्रदेशात मुलं मरू लागली. ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी. सकाळी खेळणारं पोर एकदोन दिवसांत गेलेलं. ३२९ मुलं आजारी, १८३ मृत्यू. आधी सगळे जपानी मेंदूज्वर समजले. पुण्यात एनआयव्हीत नमुन्यांतून वाढवलेला विषाणू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरला तेव्हा पडद्यावर बंदुकीची गोळी दिसली. अडतीस वर्षं झोपलेला चांदीपुरा.

आता इथे जरा थांबा. पीसीआरची तपासणी बसवायची तर प्रायमर, म्हणजे विषाणूच्या मजकुराशी जुळणारे छोटे तुकडे, लागतात, आणि विषाणूचा मजकूर आधी माहीत असल्याशिवाय प्रायमर आखता येत नाहीत. कुठलं प्रतिपिंड कशाला चिकटतं हे बघायचं तर ओळखीचा जुना विषाणू कपाटात असावा लागतो. १९६५ ची कुपी कोणीतरी ठेवलेली होती. नट्लीतल्या एका पोराने कुतूहलापोटी जनुकं वाचलेली होती. कोलकात्यात लोकांना पीचं फॉस्फेट पाठ होतं. २००३ मध्ये शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही. पण यातलं एकही काम रकाना अकरामध्ये पास झालं नसतं. आणि कुपी जपणाऱ्याला तर अर्ज करायलाही जागा नव्हती.

चांदीपुरा त्यानंतर येतच राहिला. २००७ मध्ये नागपूर विभागातच मुलांमध्ये साथ झाली, घरचा माणूस उशिरा घरी यावा तशी. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत आणि आसपास मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, ८२ दगावले. त्या २४५ पैकी ६४ जणांमध्ये चांदीपुराची खात्री झाली. आजही त्यावर लस नाही, नेमकं औषध नाही. ६४ मध्ये खात्री झाली हीसुद्धा त्या जुन्या, निरुपयोगी कामाची कमाई आहे, हे बातम्यांत कुठे आलं नाही.

मास्टर्सचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. तो न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीला गेला आणि उंदरांच्या यकृताला पछाडणाऱ्या एका कोरोनाविषाणूच्या मागे लागला. उंदरांच्या! १९९२ मध्ये त्याच्या चमूने कोरोनाविषाणूच्या जनुकात आपल्याला हवा तो बदल करायची पद्धत दाखवली. तोवर त्या अवाढव्य जनुकसंचाला हात घालायचं धाडस फारसं कोणी केलेलं नव्हतं. त्याचे अर्ज मी वाचलेले नाहीत, पण उंदरांना लाभ होईल असं लिहून निधी मिळत नसणार. पुढे सार्स आला, आणि २०२० मध्ये काय आलं ते तुम्हाला सांगायला नको. नागपूरच्या विषाणूची जनुकं वाचणारा माणूस आयुष्यभर कोरोनाविषाणूंचा कारागीर झाला, ही गोष्ट मी दरवर्षी एमएस्सीच्या मुलांना सांगते. निम्मी मुलं मोबाइलमध्ये असतात, पण उरलेली निम्मी मान वर करतात.

त्याच नट्लीतली आणखी एक गोष्ट, थोडक्यात. १९७५ मध्ये तिथे आणि जपानमध्ये लोकांना कळलं की संदेशवाहक आरएनएच्या सुरुवातीला एक रासायनिक टोपी असते. टोपी असली तरच पेशी तो संदेश नीट वाचते. हे कुठल्या विषाणूंत सापडलं? रेशीमकिड्यांच्या एका विषाणूत, गुरांच्या त्या व्हीएसव्हीत आणि रिओव्हायरसमध्ये. रिओ या नावातला ओ हा इंग्रजीतल्या ‘ऑर्फन’चा, म्हणजे अनाथ. कारण त्याला स्वतःचा असा रोगच नव्हता. फायझर आणि मॉडर्नाच्या लशींमधल्या आरएनएला ती टोपी घालावी लागते. रेशीमकिडा, गुरं आणि अनाथ: लिहा आता शंभर शब्दांत.

पण मला खरं बोलायचं आहे ते यवतबद्दल.

यवत म्हणजे पुणे–सोलापूर रस्त्यावरचं, दौंड तालुक्यातलं. भुलेश्वरला जाताना लागतं. २००० साली एनआयव्हीच्या लोकांनी तिथून एडिस इजिप्ती डास धरून आणले आणि त्यात चिकनगुनियाचा विषाणू सापडला. त्या वेळी देशात चिकनगुनिया विस्मरणात गेला होता. १९७३ मध्ये बार्शीला मोठी साथ आली होती. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवते, सांधे धरून लोक भिंतीला टेकत टेकत चालायचे. त्यानंतर तो गायबच. त्यामुळे यवतचा विषाणू म्हणजे एक किरकोळ कुतूहल. २००१ मध्ये एक छोटासा शोधनिबंध झाला आणि कुपी फ्रीझरमध्ये गेली. तिच्या शेजारी बार्शीची १९७३ ची आणि कोलकात्याची १९६३ ची कुपी.

मग २००६. देशभरात जवळजवळ चौदा लाख संशयित रुग्ण. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आलेला, त्यामुळे चिकनगुनियाच्या नावातलं चिकन लोकांनी अगदी शब्दशः घेतलं. माझ्या मावसभावाने त्या काळात मला तीनदा फोन करून विचारलं, रविवारी कोंबडी करू का. सगळ्यांचा अंदाज होता की आपलाच जुना बार्शीचा विषाणू परत उठला. जनुकं वाचली तेव्हा कळलं की नाही. १९६३ आणि १९७३ चा विषाणू आशियाई घराण्याचा होता, २००६ चा आफ्रिकी घराण्याचा. हा पाहुणा कधी आला? हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर २००५–०६ मध्ये प्रचंड साथ होती, तेव्हा बोट तिकडे गेलं. आणि कोणीतरी यवतची कुपी काढून तिचाही मजकूर लावून पाहिला.

आफ्रिकी घराणं. २००० साली, यवतमध्ये.

यवतच्याच डासांनी साथ आणली असं कोणी म्हणत नाही. पण हा पाहुणा साथीच्या पाच वर्षं आधीच आपल्या ओसरीवर येऊन बसलेला होता, हे त्या एका कुपीशिवाय कोणालाही, कधीही, कुठल्याही खर्चाने कळलं नसतं. भूतकाळातले डास आता धरता येत नाहीत.

मी हे एवढं तावातावाने का सांगते? कारण मी कुपी गमावलेली आहे. संस्थेचं नाव घेत नाही. बारा वर्षांचा साठा होता. विदर्भातल्या आणि मराठवाड्यातल्या तापाच्या मुलांचं सीरम, आयांच्या सह्या-अंगठ्यांसकट घेतलेलं. उणे ऐंशीचा एक फ्रीझर, तेव्हा नऊ वर्षांचा. त्याच्या एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं, नूतनीकरण लेखा विभागाने परत पाठवलं होतं. शेरा होता, ‘फ्रीझर चालू स्थितीत असल्याने दुरुस्ती कराराची निकड स्पष्ट होत नाही.’ तो कागद मी अजून ठेवला आहे. मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी कॉम्प्रेसर गेला. अलार्मची बॅटरी संपलेली, कारण तो खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा हे ठरलेलं नव्हतं. सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा आतून कोमट वास आला. खोक्यांखाली पाणी. लेबलांची शाई पसरून निळी झालेली. एका रॅकवर माझ्या जुन्या विद्यार्थिनीच्या अक्षरातलं ‘व. १५, मुलगी, ४ वर्षे’ एवढंच वाचता येत होतं. आम्ही तिघी जमिनीवर बसून दुपारपर्यंत त्यातून आरएनए काढायचा प्रयत्न करत राहिलो. जेलवर शाबूत आरएनएची पट्टी यायची तिथे फक्त धूसर ओघळ आला.

त्या बारा वर्षांत कुठलं यवत होतं की नव्हतं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. दुरुस्ती कराराची रक्कम आज लिहिली तर तुम्हाला हसू येईल, म्हणून लिहीत नाही.

माणसांचं तर फ्रीझरपेक्षा वाईट. फ्रीझर निदान बिघडल्यावर ओरडतो. साथ आली की तुम्ही धावून येता, हे मान्य. २०२० मध्ये पैसे आले, यंत्रं आली, चोवीस तास पाळ्यांत काम करणारी पोरं आली. सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर. हात इतके बसले होते की पीसीआरचा आलेख बघून कुठल्या नमुन्यात गडबड आहे ते झोपेतही सांगतील. साथ ओसरली, कंत्राटं संपली. त्यातला माझा सर्वांत हुशार मुलगा आता औषध कंपनीत विक्रीचं काम करतो. मला दिवाळीला मेसेज पाठवतो. एक मुलगी गावी परतली, बीएड करते आहे. फेलोशिप सात महिने रखडल्यामुळे खोलीचं भाडं थकलेली आणि तरी रोज सकाळी पेशींना खाद्य घालायला येणारी मुलं मी इतकी पाहिली आहेत की त्याचं आता मला नवल वाटत नाही. याचीच लाज वाटते.

तुमच्या बाजूचं मला दिसत नाही असं नाही. पैसा थोडा आहे, अर्ज शेकडो आहेत, आणि कुतूहलाच्या नावाखाली आळसही खपतो हे मी जवळून पाहिलं आहे. कुठला फॉस्फेट नागपूरला जाईल आणि कुठला कुठेच जाणार नाही, हे तुम्हाला आधी कसं कळणार? मलाही कळलं नव्हतं. म्हणूनच माझं मागणं संशोधकांसाठी जास्त पैसे द्या असं नाही. साठ्यासाठी वेगळं शीर्ष करा. प्रकल्प संपला तरी फ्रीझरची वीज, दुरुस्ती, ड्राय आइस, जनरेटरचं डिझेल चालू राहील असं, आणि ते दहा वर्षांसाठी. प्रत्येक मोठ्या साठ्यामागे एक कायम पद द्या, प्राध्यापकाचं नको, तंत्रज्ञाचं चालेल, पण असं माणूस ज्याला कुठल्या खोक्यात काय आहे हे ठाऊक आहे आणि जे पुढल्या वर्षीही तिथेच असेल. फेलोशिप महिन्याच्या महिन्याला द्या, यात विज्ञान काहीच नाही. आणि रकाना अकरा काढायचा नसेल तर प्रश्न तरी बदला. विचारा, की या कामातलं काय, कुठे आणि कशा नोंदीसह ठेवणार, जेणेकरून तीस वर्षांनी तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाला ते सापडेल. या प्रश्नाचं उत्तर मी एकदाही खोटं दिलं नसतं.

एक शेवटचं काम आहे, ते पत्रातच घालते. माझ्याकडे सध्या दोन फ्रीझर आहेत आणि त्यांची एक नोंदवही. लाल कापडी बांधणीची, ३०० पानी, १९९८ पासूनची. संगणकावरही यादी आहे, पण वहीत समासात लिहिलेलं आहे की कुठली कुपी एकदा वितळून पुन्हा गोठलेली, कुठल्या रॅकची चकती उलटी बसते, कुठल्या नमुन्याच्या गावाचं नाव बदललं. माझं पद भरायचं नाही असं कळवण्यात आलं आहे. वरच्या फ्रीझरची चावी माझ्या टेबलाच्या डाव्या ड्रॉवरमध्ये आहे, खालच्याला चावी लागत नाही, दाराला गुडघा लावून ओढावं लागतं. वही ३१ मार्चला संध्याकाळी पाचच्या आत कोणाच्या हातात द्यायची, तेवढं कळवा.

आपली,
एक मॉलिक्युलर व्हायरॉलॉजिस्ट
पुणे